शुश्रूषेचे शास्त्र आणि रिक्त पदांचे राजकारण

दरवर्षी १२ मे रोजी देशभरातील रुग्णालयांत परिचारिका दिन साजरा होतो. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या तसबिरीला हार घातला जातो, मेणबत्त्या पेटवून शपथ घेतली जाते, सेवा, त्याग आणि करुणा यांवर पाहुण्यांची भाषणे होतात. आणि दुपारच्या पाळीला पुन्हा तितक्याच रुग्णांसाठी तितक्याच अपुऱ्या परिचारिका वॉर्डात उभ्या राहतात. २०२० साली करोनाच्या साथीत हेच मोठ्या प्रमाणावर घडले. मार्चमध्ये थाळ्या वाजल्या, मे महिन्यात हवाई दलाच्या हेलिकॉप्टरांनी रुग्णालयांवर पुष्पवृष्टी केली. ज्या श्रमाची किंमत मोजायची नसते त्या श्रमाची पूजा बांधायची, ही आपल्या समाजाची जुनी रीत आहे. स्त्रियांच्या घरकामाच्या बाबतीत ती जितकी खरी, तितकीच परिचारिकांच्या बाबतीतही खरी आहे.

वस्तुतः ज्या बाईंची अशी पूजा बांधली जाते त्या केवळ दिवा घेऊन फिरणाऱ्या देवदूत नव्हत्या. त्या संख्याशास्त्रज्ञ होत्या. क्रिमियन युद्धातील जखमींच्या शुश्रूषेसाठी १८५४ च्या नोव्हेंबरात त्या तुर्कस्तानातील स्कुटारी येथील लष्करी रुग्णालयात पोहोचल्या. त्यानंतरही काही महिने तेथील मृत्यूंचे प्रमाण वाढतच गेले. १८५५ च्या फेब्रुवारीत ते शेकडा चाळीसच्या वर होते. मार्चमध्ये लंडनहून आलेल्या आरोग्य आयोगाने तुंबलेली गटारे उपसली, हवा खेळती केली, आणि उन्हाळ्यापर्यंत तेच प्रमाण शेकडा दोन-तीनवर आले. युद्धावरून परतल्यावर विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञाच्या साहाय्याने नाइटिंगेल यांनी सारे आकडे तपासले. तेव्हा दिसून आले की, बहुसंख्य सैनिक जखमांनी मेले नव्हते. टाळता येण्याजोग्या रोगांनी मेले होते, आणि ज्या रुग्णालयात त्या स्वतः राबत होत्या त्याचीच स्थिती त्यास कारणीभूत होती. स्वतःच्या कामाचा असा कठोर हिशेब मांडण्याचे धैर्य त्यांनी दाखवले, आकड्यांच्या आकृत्या काढून त्या सरकारपुढे ठेवल्या, आणि १८५८ मध्ये लंडनच्या संख्याशास्त्रीय सोसायटीच्या त्या पहिल्या स्त्री सदस्य झाल्या. पुढे हिंदुस्थानातील सार्वजनिक आरोग्याच्या प्रश्नाकडे त्या वळल्या. पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही त्यांचा पत्रव्यवहार होता.

शुश्रूषा मोजता येते, तपासता येते आणि सुधारता येते, हा त्यांचा खरा वारसा होय. या वारशातूनच पुराव्यावर आधारलेल्या शुश्रूषेचा विचार वाढला. वरिष्ठांनी शिकवले म्हणून किंवा पूर्वापार चालत आले म्हणून एखादी कृती न करता, ती केल्याने रुग्णाला खरोखर काय लाभ होतो हे पद्धतशीर संशोधनाने पाहावे, आणि त्यानुसार वॉर्डातील काम ठरवावे, एवढाच त्याचा साधा अर्थ. आपल्याकडेही आता परिचर्या महाविद्यालयांच्या अभ्यासक्रमात हा विषय आहे, त्यावर कार्यशाळा होतात, मानांकनासाठी फॉर्म भरले जातात. परंतु या सर्व खटाटोपात त्या संशोधनाचा एक अत्यंत महत्त्वाचा निष्कर्ष सोयीस्करपणे बाजूस ठेवला जातो. तो असा की, रुग्णाच्या जगण्या-मरण्यावर परिणाम करणाऱ्या गोष्टींत परिचारिकांची पुरेशी संख्या ही स्वतःच एक मोठी गोष्ट आहे. हा निष्कर्ष मान्य केला तर कार्यशाळा भरवून भागत नाही. पदे भरावी लागतात.

एका जखमेची साक्ष

शय्याव्रणाचे उदाहरण घ्यावे. पक्षाघात झालेला, मांडीचे हाड मोडलेला वा बेशुद्ध रुग्ण एकाच कुशीवर पडून राहिला की माकडहाड, टाचा, कमरेची हाडे यांवरील कातडीचा रक्तपुरवठा दाबाने तुटतो. आधी लाली येते, मग फोड, मग हाडापर्यंत जाणारी जखम. अनेक रुग्ण मूळ आजारातून वाचतात आणि या जखमेच्या जंतुदोषाने दगावतात. या जखमेवर पिढ्यान्‌पिढ्या एकच उपाय शिकवला जाई: पाठ साबणाने धुणे, स्पिरिट चोळणे, पावडर लावणे. डोरीन नॉर्टन या इंग्रज परिचारिकेने रुग्णालयांतील वृद्ध रुग्णांचा अभ्यास करून १९६२ साली आपल्या सहकाऱ्यांसह त्याचा अहवाल प्रसिद्ध केला. चोळण्या-माखण्यापेक्षा ठराविक अंतराने रुग्णाची कूस बदलणे हाच परिणामकारक उपाय आहे, असे त्यातून पुढे आले. कोणत्या रुग्णाला धोका अधिक हे ओळखण्यासाठी नॉर्टन यांनी एक गुणपट्टीही तयार केली; ती त्यांच्या नावाने जगभर वापरली जाते. हाडाच्या उंचवट्यावरील लाल झालेली कातडी चोळू नये, त्याने अपायच होतो, असे पुढील मार्गदर्शक सूचनांनी स्पष्ट केले. तरीही आपल्या अनेक वॉर्डांत स्पिरिटची बाटली आणि पावडरचा डबा अजून आपले स्थान राखून आहेत.

येथे ‘परिचारिकांना नवे ज्ञान नाही’ असा सोपा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. त्याआधी एक साधे गणित करून पाहावे. समजा, चाळीस रुग्णांचा वॉर्ड आहे. त्यात बारा रुग्णांना स्वतःहून कूस बदलता येत नाही. एका रुग्णाची कूस बदलायची, ओली चादर काढायची, कातडी पाहायची, उशा लावायच्या, तर दोन माणसांची दहा मिनिटे जातात. बारा रुग्णांचे एकशेवीस मिनिटे झाले. म्हणजे दर दोन तासांनी कूस बदलण्याचा नियम पाळायचा तर रात्रपाळीच्या एकट्या परिचारिकेने आणि एकट्या मावशीने रात्रभर दुसरे काहीच करता कामा नये. सलाईन बदलायचे नाही, इंजेक्शने द्यायची नाहीत, नवा रुग्ण घ्यायचा नाही, मरणाऱ्याच्या उशाशी उभे राहायचे नाही. अशा वॉर्डात पाठीला स्पिरिट लावून पुढे जाणे हे अज्ञानाचे लक्षण नसून टंचाईचे लक्षण असते. ज्या कृतीला वेळ लागत नाही ती टिकते, ज्या कृतीला हात लागतात ती मरते.

याची दुसरी बाजू मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयाने दाखवली आहे. १९७३ मध्ये झालेल्या हल्ल्यानंतर अरुणा शानभाग ही त्या रुग्णालयाची परिचारिका २०१५ साली निधन होईपर्यंत, बेचाळीस वर्षे, तेथेच अंथरुणाला खिळून होती. सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या निकालात तेथील परिचारिकांच्या शुश्रूषेचा मोठ्या गौरवाने उल्लेख केला. इतकी वर्षे खाटेवर असूनही तिला शय्याव्रण झाले नाहीत, ही गोष्ट त्या निमित्ताने साऱ्या देशाला कळली. वृत्तपत्रांनी तो चमत्कार मानला. परंतु त्यात चमत्कार काहीही नव्हता. एकामागून एक परिचारिकांच्या पिढ्यांनी आपल्या सहकारिणीसाठी वेळ काढला, हात लावले, आणि शास्त्राने जे शक्य म्हटले होते ते शक्य करून दाखवले. प्रश्न पुढचा आहे. त्याच शहरातील दुसऱ्या एखाद्या जनरल वॉर्डात पडलेल्या हमालाला किंवा मोलकरणीला तेच का मिळू नये? एका रुग्णासाठी जे प्रेमाने घडले ते प्रत्येक रुग्णासाठी व्यवस्थेने घडावे, ही अपेक्षा करण्यालाच समाजवाद म्हणतात.

हातांचा हिशेब

परिचारिकांची संख्या आणि रुग्णांचे मृत्यू यांचा संबंध आता अंदाजाचा विषय राहिलेला नाही. लिंडा एकेन या अमेरिकन परिचारिका-संशोधिकेने व त्यांच्या सहकाऱ्यांनी पेनसिल्व्हेनिया राज्यातील १६८ रुग्णालयांतील दोन लाख बत्तीस हजारांहून अधिक शस्त्रक्रिया-रुग्णांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध केला. एका परिचारिकेवरील रुग्णसंख्या एकाने वाढली की तीस दिवसांच्या आत मृत्यू येण्याची शक्यता सुमारे शेकडा ७ ने वाढते, असे त्यात आढळले. चार रुग्णांऐवजी आठ रुग्ण एका परिचारिकेकडे असतील तर ही वाढ शेकडा ३१ पर्यंत जाते. त्याच अभ्यासात कामाच्या ओझ्याने परिचारिका खचून जाण्याचे प्रमाणही प्रत्येक वाढीव रुग्णागणिक चढत जाते असे दिसले. पुढे २०१४ मध्ये युरोपातील नऊ देशांच्या तीनशे रुग्णालयांतून याच स्वरूपाचा निष्कर्ष आला.

यावर प्रामाणिक शंका घेता येते. जेथे परिचारिका अधिक तेथे पैसाही अधिक, यंत्रेही अधिक. मग मृत्यू कमी होण्याचे श्रेय परिचारिकांनाच का द्यावे? संशोधकांनी अशा घटकांची वजावट केली असली तरी निरीक्षणावरच्या अभ्यासाला ही मर्यादा राहतेच. म्हणूनच ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्याचा अनुभव मोलाचा ठरतो. तेथे २०१६ साली कायद्याने २७ सार्वजनिक रुग्णालयांत दिवसाच्या पाळ्यांत सरासरी चार रुग्णांमागे एक आणि रात्री सात रुग्णांमागे एक परिचारिका असे प्रमाण बंधनकारक झाले. कायदा लागू होण्याआधीची व नंतरची स्थिती, तसेच कायदा लागू न झालेल्या रुग्णालयांची स्थिती यांची तुलना २०२१ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. वाढीव परिचारिकांवर सुमारे ३ कोटी ३० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर खर्च झाले. रुग्णांचा मुक्काम कमी झाल्याने व पुन्हा दाखल होणे टळल्याने सुमारे ६ कोटी ९० लाख डॉलर वाचले. टळलेल्या मृत्यूंचा अंदाज १४५ होता. म्हणजे खर्चाच्या दुप्पट बचत झाली, आणि जीव वाचले ते निराळेच.

असे कायदे राज्यकर्त्यांच्या सद्‌बुद्धीतून जन्मत नाहीत, हेही कार्यकर्त्यांनी लक्षात ठेवावे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने १९९९ साली असा पहिला कायदा केला तो तेथील परिचारिका संघटनेच्या दीर्घ लढ्यामुळे. २००४ पासून तो अमलात आला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस गव्हर्नर श्वार्झनेगर यांनी त्यातील पुढची पायरी लांबणीवर टाकण्याचा प्रयत्न केला. परिचारिका रस्त्यावर आल्या, न्यायालयात गेल्या, आणि अखेर २००५ मध्ये गव्हर्नरांना माघार घ्यावी लागली.

खर्च जातो कोठे?

मग आपल्याकडे हा हिशेब का मांडला जात नाही? याचे उत्तर जमाखर्चाच्या पद्धतीत आहे. रुग्णालयाच्या बिलात डॉक्टरांच्या भेटीची रक्कम असते, रक्ततपासणीची असते, शस्त्रक्रियेची असते. परिचारिकेचे काम बहुधा खाटेच्या भाड्यात विरघळून जाते. ज्या श्रमाचा जमेच्या बाजूस स्वतंत्र आकडा नाही, तो व्यवस्थापनाला केवळ खर्चाच्या बाजूस दिसतो. आणि खर्च म्हटला की कात्री आलीच. परिचारिकेने वेळीच पाहिल्यामुळे जी जखम झाली नाही, जो ताप वाढला नाही, जे मरण आले नाही, त्याची पावती कोणत्याच वहीत फाटत नाही.

सार्वजनिक रुग्णालयांत या वहीची फसवणूक अधिक खोल आहे. तेथे प्रत्येक रुग्णामागे एक नातेवाईक ठेवून घेतला जातो. खाटेखाली सतरंजी टाकून राहणारी ती सून, मुलगी किंवा बायको रुग्णाला भरवते, लघवीची पिशवी रिकामी करते, सलाईनची बाटली संपत आली की सिस्टरना हाक मारते. तिची मजुरी बुडते, घरची मुले शेजारणीकडे राहतात. सरकारने परिचारिकेच्या पगारात वाचवलेला रुपया असा गरिबाच्या घरातून वसूल होतो. अर्थशास्त्राच्या भाषेत, खर्च नाहीसा झालेला नसतो. तो सरकारी वहीतून काढून गरीब स्त्रीच्या अंगावर टाकलेला असतो.

हे नियम माहीत नसल्यामुळे घडते असेही नाही. १९४६ च्या भोर समितीने देशात ४३,००० लोकसंख्येमागे एक परिचारिका असल्याचे नोंदवून ५०० लोकांमागे एक हे उद्दिष्ट पुढे ठेवले होते. १९८७ साली नेमलेल्या सरोजिनी वरदप्पन समितीने परिचारिकांच्या कामाच्या स्थितीचा पुन्हा सविस्तर विचार केला. भारतीय परिचर्या परिषदेने शिक्षण-रुग्णालयांत तीन रुग्णांमागे एक आणि इतर रुग्णालयांत पाच रुग्णांमागे एक असे प्रमाण सांगून ठेवले. कागदावर आपण क्वीन्सलँडच्याही पुढे होतो! प्रत्यक्षात मंजूर पदे मंजूर खाटांवरून ठरतात. जमिनीवर गादी टाकून ठेवलेला रुग्ण हिशेबातच नसतो. मंजूर पदांपैकी कित्येक रिक्त राहतात. भरलेल्या पदांपैकी काही प्रसूतीच्या व आजारपणाच्या रजेवर, काही कार्यालयीन कामावर असतात. उरतील तेवढे हात वॉर्डात पोहोचतात. केंद्र सरकार दर हजार लोकसंख्येमागे सुमारे दोन परिचारिका असल्याचे संसदेत सांगते. पण हा आकडा नोंदणीचा आहे. नोंदवहीतील परिचारिका आखातात असेल, इंग्लंडात असेल, किंवा तुटपुंज्या पगाराला कंटाळून घरी बसली असेल.

त्यात कंत्राटी पद्धतीची भर पडली आहे. मे २०२२ मध्ये महाराष्ट्रातील शासकीय रुग्णालयांच्या परिचारिकांनी बाह्य संस्थांमार्फत होणाऱ्या भरतीविरुद्ध संप केला, तेव्हा रुग्णांना वेठीस धरल्याचा आरोप नेहमीप्रमाणे झाला. वास्तविक तो संप रुग्णांच्याही हिताचा होता. शुश्रूषा हे अनुभवाने मुरणारे कौशल्य आहे. अकरा महिन्यांच्या नेमणुकीवर आलेली परिचारिका वॉर्डाची रीत शिकते न शिकते तोच तिची मुदत संपते. तिला दिलेले प्रशिक्षण तिच्याबरोबर निघून जाते, आणि नव्या मुलीपासून पुन्हा श्रीगणेशा होतो. खासगी रुग्णालयांतील वेतनाबाबत सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१६ मध्ये समिती नेमावयास लावली. त्या समितीने लहानातल्या लहान रुग्णालयातही महिना वीस हजारांपेक्षा कमी वेतन नसावे असे सुचवले. केरळातील परिचारिका झगडल्या म्हणून तेथे २०१८ साली ते किमान वेतन म्हणून जाहीर झाले. जेथे झगडा झाला नाही तेथे शिफारस फायलीतच राहिली.

ज्ञान आणि अधिकार

हात पुरेसे झाले तरी एक प्रश्न उरतो, तो अधिकाराचा. अमेरिकेतील मिशिगन राज्यात अतिदक्षता विभागांतील जंतुदोष रोखण्याचा एक प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. मोठ्या शिरेत नळी घालताना हात धुणे, निर्जंतुक पोशाख व चादर वापरणे, योग्य औषधाने कातडी स्वच्छ करणे, शक्यतो जांघेतील शीर टाळणे आणि गरज संपताच नळी काढणे, अशा पाच साध्या गोष्टींची यादी केली गेली. यात नवे असे काहीच नव्हते. नवे होते ते एवढेच की, डॉक्टरने यातील एखादी पायरी वगळली तर प्रक्रिया थांबवण्याचा अधिकार परिचारिकेला देण्यात आला. शंभरावर अतिदक्षता विभागांत तीन महिन्यांच्या आत अशा जंतुदोषाचे मध्यम प्रमाण हजार नळी-दिवसांमागे २.७ वरून शून्यावर आले, आणि दीड वर्षापर्यंत ही घट बव्हंशी टिकली.

आपल्या रुग्णालयांत हे कल्पून पाहावे. निवासी डॉक्टराने हात धुतले नाहीत म्हणून त्याला थांबवणारी परिचारिका दुसऱ्या दिवशी कोठे असेल? जात, लिंग, वर्ग आणि पद यांची उतरंड वॉर्डाच्या दारात संपत नाही. ती आत येऊन पांढरा कोट घालते. परिचारिका डॉक्टरची मदतनीस, कक्षसेवक परिचारिकेचा मदतनीस, आणि सफाई कामगार सर्वांच्या पायाशी, अशी रचना असेल तोवर पुरावा खालून वर जाऊ शकत नाही. दुर्घटना घडल्यावर मात्र तो दोष होऊन वरून खाली झपाट्याने येतो.

याहून गंभीर गोष्ट अशी की, हात नसताना कागदाचा आग्रह धरला की कागद खोटे बोलू लागतो. मानांकनासाठी केसपेपरवर दर दोन तासांनी कूस बदलल्याची नोंद हवी असते. पाळी संपताना एकाच पेनाने, एका बैठकीत, सगळ्या रकान्यांत बरोबरच्या खुणा होतात. ती परिचारिका लबाड नसते. अशक्य गोष्ट केल्याचे लिहून देण्यास तिला भाग पाडलेले असते. पण त्यामुळे ज्या पुराव्याच्या नावाने हे सारे चालले आहे, तो पुरावाच नासतो.

दोन आक्षेप

गरीब देशाला हे परवडणार नाही, असा पहिला आक्षेप आहे. टाळता आलेल्या जंतुदोषावरील महागडी प्रतिजैविके, लांबलेला मुक्काम, बुडालेली मजुरी आणि कर्जबाजारी झालेले कुटुंब हे सारे परवडते आणि परिचारिकेचा पगार तेवढा परवडत नाही, असे ज्याला वाटते त्याने आपली वही एकदा तपासून घ्यावी.

दुसरा आक्षेप अधिक विचारार्ह आहे. हे सारे पुरावे परदेशी आहेत. ते येथे जसेच्या तसे कसे लागू करावेत? या आक्षेपात तथ्य आहे. कुशी बदलण्याचेच पाहा. २०१३ साली अमेरिका व कॅनडातील वृद्ध-शुश्रूषागृहांत झालेल्या चाचणीत, रुग्ण दाट फोमच्या चांगल्या गादीवर असेल तर दोन, तीन वा चार तासांनी कूस बदलण्यात शय्याव्रणाच्या दृष्टीने फारसा फरक आढळला नाही. आपल्या वॉर्डांतील रेक्झिन चढवलेल्या, मध्यभागी खचलेल्या गादीवर हाच निष्कर्ष कसा लावणार? परंतु चांगली गादी आणून परिचारिकांचा किती वेळ मोकळा होईल, हे येथे तपासून पाहता येईल. असे संशोधन करण्याऐवजी आपल्या परिचर्या महाविद्यालयांतील बरेचसे प्रबंध परिचारिकांना प्रश्नावली वाटून त्यांचे ‘ज्ञान’ मोजण्यात खर्ची पडतात. अशा संशोधनात परिचारिका नेहमीच नापास होते आणि व्यवस्थेची परीक्षा कधीच होत नाही.

स्वतःचा पुरावा स्वतः निर्माण करण्याची कुवत या भूमीत नाही असे मात्र कोणी म्हणू नये. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत गावातल्याच, थोडे शिकलेल्या स्त्रियांना नवजात बालकांची घरी जाऊन काळजी घेण्याचे शिक्षण दिले आणि ४७ गावांशी तुलना केली. नवजात बालकांचे मृत्यू सुमारे शेकडा ६२ ने घटल्याचा निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. २०११ पासून आशा कार्यकर्त्यांमार्फत ही पद्धत देशभर नेण्यात आली. पण आशा कार्यकर्ती आजही सरकारच्या लेखी ‘स्वयंसेविका’ आहे. तिला पगार नाही, कामागणिक मोबदला आहे. पुरावा स्वीकारला गेला, वेतन नाकारले गेले. हाच तो दिव्याचा आणि फुलांचा न्याय.

चळवळीचे काम

पुराव्याची भाषा ही व्यवस्थापनाची भाषा आहे असे समजून डाव्या कार्यकर्त्यांनी तिच्यापासून दूर राहणे चुकीचे ठरेल. ज्यांच्या नावाने पुराव्यावर आधारित वैद्यकाची जागतिक संस्था १९९३ मध्ये उभी राहिली ते आर्ची कॉक्रन हे स्पॅनिश यादवी युद्धात प्रजासत्ताकाच्या बाजूने रुग्णवाहिका पथकात गेलेले डॉक्टर होते. तरुणपणी लंडनच्या मोर्चात त्यांनी फलक धरला होता तो परिणामकारक ठरणारे सर्व उपचार मोफत मिळाले पाहिजेत या मागणीचा. कोणता उपचार परिणामकारक आहे हे तपासायचे, आणि तो ठरला की प्रत्येकाला मिळवून द्यायचा. या दोन मागण्या त्यांच्या लेखी एकच होत्या. पुढे पहिली मागणी विद्यापीठांनी उचलली. दुसरी उचलण्याचे काम चळवळीचे आहे.

या बाबतीत आपल्या कामगार चळवळीची एक उणीवही कबूल केली पाहिजे. परिचारिकांच्या संघटनांनी वेतनश्रेणी, बदल्या, रजा, निवृत्तिवेतन यांसाठी लढे दिले. ते न्याय्यच होते. परंतु वॉर्डात किती शय्याव्रण झाले, किती सलाईन अंगात उतरले, रात्री दोन वाजता किती रुग्णांमागे किती हात होते, हे आकडे संघटनेच्या मागणीपत्रात क्वचितच आले. त्यामुळे परिचारिकांचा प्रश्न हा एका नोकरवर्गाचा प्रश्न राहिला. रुग्णाच्या नातेवाइकाला तो आपला वाटला नाही, आणि संपाच्या दिवशी तो सिस्टरांच्या विरुद्ध बाजूस उभा राहिला.

ही फूट सांधण्याचे मार्ग कठीण नाहीत. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली प्रत्येक तालुक्यातील कार्यकर्त्यांनी आपापल्या उपजिल्हा व जिल्हा रुग्णालयांची मंजूर, भरलेली, रिक्त आणि कंत्राटी पदे मागवावीत. त्याबरोबर प्रत्येक पाळीचा प्रत्यक्ष हजेरीपट व त्या दिवशीची रुग्णसंख्या मागवावी, कारण खरे सत्य तेथे असते. वॉर्डाच्या दारावर त्या पाळीतील रुग्ण आणि परिचारिका यांची संख्या रोज फळ्यावर लिहिली जावी. रुग्णालयात दाखल झाल्यानंतर झालेल्या शय्याव्रणांची संख्या दर महिन्यास रुग्ण कल्याण समितीपुढे यावी. ती प्रामाणिकपणे नोंदवणाऱ्या परिचारिकेस शिक्षा होणार नाही, ही हमी आधी घ्यावी. नाहीतर पुन्हा बरोबरच्या खुणाच पाहावयास मिळतील. आणि या सर्वांच्या आधारे, रुग्णसंख्येच्या प्रमाणात परिचारिकांची नेमणूक बंधनकारक करणारा राज्याचा कायदा हवा, ही मागणी परिचारिका आणि रुग्ण यांनी एकत्रितपणे पुढे रेटावी. १९४७ चा जुना कायदा रद्द करून परिचर्या व प्रसूतिसेवा आयोगाचा नवा कायदा संसदेने २०२३ मध्ये केला आहे. शिक्षण आणि नोंदणी यांची त्यात व्यवस्था आहे. वॉर्डातील हातांची व्यवस्था कायद्याने व्हावयाची अजून बाकीच आहे.

नाइटिंगेल यांनी स्कुटारीचे आकडे मांडले तेव्हा त्या आकड्यांत त्यांचा स्वतःचाही पराभव लिहिलेला होता. तरीही त्यांनी ते लपवले नाहीत, कारण मेलेल्या सैनिकांचे तेवढेच एक ऋण फेडण्यासारखे होते. पुढच्या १२ मे रोजी ज्या रुग्णालयात त्यांच्या तसबिरीला हार घातला जाईल, तेथे कार्यकर्त्यांनी जरूर जावे. हाराशेजारी त्या रात्रीचा हजेरीपट मांडावा, आणि पाहुण्यांना तो मोठ्याने वाचावयास सांगावे.